बाऊ झालाय की बाऊ करतोय?

गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या गावी, एका सरकारी दवाखान्याच्या रांगेत, आमच्या शाळेतली सहावीची एक मुलगी माझ्यापुढं उभी होती. आज्जीला घेऊन आली होती. शाळा बुडवली होती, कारण घरात कन्नड बऱ्यापैकी येणारी ती एकटीच. रांग सरकेपर्यंत आज्जी मला सांगत होती, "टीचर, कंबरेतनं चमक निघत्या बघा, ती पार अंगठ्यापतोर मुंग्या नेत्या. आणि रातच्याला तळपायाची आग आग हुत्या. पांघरूण टेकू देत न्हाई." नंबर आला. तरुण डॉक्टरांनी मायेनं विचारलं, "एनागैती अज्जी?" आज्जीनं नातीकडं बघितलं. नात क्षणभर थांबली आणि म्हणाली, "कालु नोवु, सर." पाय दुखतोय. चिठ्ठीवर दुखण्याच्या गोळ्या लिहिल्या गेल्या, पुढचा नंबर पुकारला गेला.

डॉक्टरांना बोल लावण्यात अर्थ नाही. रांग दारापर्यंत होती, आणि त्यांना जे सांगितलं गेलं त्याला धरूनच त्यांनी औषध दिलं. पण चमक, मुंग्या, आग आणि पांघरुणाचा साधा स्पर्शही न सोसणं, हे सगळं एकत्र आलं की ते नसेच्या दुखण्याकडं बोट दाखवतं. अशा दुखण्यावर नेहमीच्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. औषधं वेगळी असतात, साखर तपासावी लागते, मणक्यात नस दबली आहे का ते बघावं लागतं. आज्जीच्या दोन-तीन वाक्यांत हे सगळं होतं. "कालु नोवु"मध्ये त्यातलं काही उरलं नाही. मलासुद्धा हे घरी परतताना बसमध्ये लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेतल्या कन्नडच्या सरांकडून ती लक्षणं एका कागदावर लिहून घेतली आणि दोघींना परत पाठवलं. साखर वाढलेली निघाली.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे आणि ती इथं मांडते. दुखणं म्हणजे काय, ते कसं तयार होतं आणि कसं सांगायचं, हे आपल्या मुलांना शिकवलं पाहिजे. शाळेत आणि घरात, त्यांच्या भाषेत, आणि दुखायला लागायच्या आधी.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ही गरज जास्त आहे, कारण इथलं मूल घरातला दुभाष्या असतं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि आमच्या आज्जी-आजोबांच्या पिढीला कचेरीची भाषा अचानक परकी झाली. मुलं शाळेत कन्नड शिकतात, म्हणून वीजबिल, रेशनकार्ड, बँक आणि दवाखाना सगळं त्यांच्या खांद्यावर येतं. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यावर माझंही मत आहे, पण आज तो विषय नाही. निकाल कधीही आणि कसाही लागो, तोवर दहा-बारा वर्षांची मुलं मोठ्यांची दुखणी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणारच आहेत. त्या कामासाठी त्यांच्या हातात आपण काय दिलं आहे?

शब्द तर घरात भरपूर आहेत. मराठीइतके दुखण्याचे बारीक शब्द किती भाषांत असतील, मला शंका आहे. कळ वेगळी, ठणका वेगळा. सल आत राहतो, चमक धावते. उसण भरते, मुरडा पिळतो, जखम हुळहुळते, डोळा चुरचुरतो, गळू ठुसठुसतं, अंग मोडून येतं, पाय भरून येतात. रोनाल्ड मेलझॅक या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञानं १९७५ साली रुग्णांकडून दुखण्याचं वर्णन घेण्यासाठी ७८ इंग्रजी शब्दांची एक प्रश्नावली तयार केली. शब्द २० गटांत लावले होते: ठोके पडल्यासारखं, भोसकल्यासारखं, भाजल्यासारखं, पिळवटल्यासारखं. शब्दावरून दुखण्याची जात ओळखायला मदत होते, हा त्यामागचा विचार. आमच्या आज्ज्यांच्या तोंडी अशी प्रश्नावली तयारच असते. ती पुढच्या पिढीकडं जाताना मात्र "दुखतंय" एवढ्या एकाच शब्दात आटून जाते.

आणखी एक. मराठीत "दुखणं" म्हणजे वेदना आणि "दुखणं" म्हणजेच आजार. आजारी माणूस दुखणेकरी. भाषेनंच आपल्याला शिकवून ठेवलं आहे की दुखतंय म्हणजे कुठंतरी काहीतरी बिघडलं आहे, आणि बिघडलं नसेल तर दुखायचं कारणच नाही. हा समज बऱ्याच वेळा खरा ठरतो, पण नेहमी नाही. जिथं तो खोटा ठरतो तिथं मुलांचे हाल होतात.

वर्गात मी याची सुरुवात मिरचीपासून करते. हुक्केरी तालुक्यातलं संकेश्वर आमच्यापासून लांब नाही आणि संकेश्वरी मिरची ठाऊक नसलेलं घर इकडं नाही. उन्हाळ्यात चटणीच्या मिरच्या निवडताना, देठं काढताना हाताची आग होते, ती रात्रभर जात नाही. मुलांना विचारते, हात भाजला होता का? फोड आला का? कातडी जळली का? काहीच नाही. मग आग खोटी होती का? त्यावर सगळा वर्ग एकदम ओरडतो, "न्हाई टीचर, खरीच हुती!" इथंच अर्धा धडा होतो. आपल्या कातडीतल्या काही मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारी दारं असतात. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर ती उघडतात आणि मेंदूकडं वर्दी जाते, भाजतंय, हात काढ. मिरचीतला कॅप्सेसिन नावाचा पदार्थ नेमकं तेच दार उघडतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं हे दार १९९७ साली शोधलं आणि २०२१ साली त्यांना अर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे तिखट ही चव नाहीच, ते दुखणं आहे. हात जराही न भाजता भाजल्याचं खरंखुरं दुखणं. (पाण्यानं ते जात नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. तेल चोळून मग साबणानं धुवावं. हे आयांना आधीपासून माहीत असतं, मुलांना त्याचं कारण कळलं की फार आनंद होतो.)

उरलेला अर्धा धडा उसाच्या फडातून येतो. उसाचं पान हाताला किंवा गालाला कापून जातं, कामाच्या घाईत कळतही नाही. घरी येऊन हात धुताना रक्त दिसतं, आणि दिसल्यावर झोंबायला लागतं. इथं जखम होती, दुखणं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरनं गंभीर जखमी सैनिकांना विचारलं होतं, दुखणं कमी करायला औषध हवं का? सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी नको म्हटलं. ते शुद्धीवर होते, त्यांच्या नसाही शाबूत होत्या. पण त्या क्षणी जखमेचा अर्थ "आपण जिवंत सुटलो" असा होता.

मिरची आणि उसाचं पान शेजारी ठेवलं की सातवीतलं मूल स्वतःच म्हणतं, मग दुखणं जखमेत नसतं. नसतंच. जखमेतून निघते ती वर्दी. ती मज्जारज्जूतून वर जाते, आणि मेंदू डोळ्यांनी काय दिसतंय, पूर्वी काय झालं होतं, भीती किती आहे, जवळ कोण आहे हे सगळं जमेस धरून ठरवतो की सावध करायला दुखवायचं की नाही, आणि किती. वेदना-अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली आपली जुनी व्याख्या सुधारली, तेव्हा हेच सांगितलं: वेदना हा शरीराला आणि भावनेला मिळून होणारा नकोसा अनुभव आहे, तो प्रत्यक्ष किंवा संभाव्य इजेशी जोडलेला असतो, किंवा तसल्या अनुभवासारखा असतो. व्याख्येसोबतच्या टिपांमधलं एक वाक्य प्रत्येक शिक्षकानं वाचायला हवं: माणूस दुखतंय म्हणाला तर त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे.

आपल्या डोक्यात अजून जुनंच चित्र आहे. ते फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्या एका पुस्तकातलं. ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६६० च्या दशकात छापलं गेलं. त्यात एक मुलगा आगीजवळ पाय ठेवून बसलेला दाखवला आहे. पायातून एक दोरी डोक्यापर्यंत गेली आहे. पाय भाजला की दोरी ओढली जाते आणि वर घंटा वाजते. जेवढी ओढ, तेवढी घंटा. तीनशे वर्षं हेच चाललं. १९६५ साली मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत एक फाटक आहे. स्पर्श, चोळणं, मेंदूकडून खाली येणारे निरोप, यांनी ते कमीजास्त उघडतं-मिटतं. त्या मांडणीत पुढं पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण दोरी आणि घंटेचं चित्र कायमचं गेलं. विज्ञानातून गेलं, आमच्या घरांतून नाही. आजोबांच्या एमआरआयच्या कागदावर "चकती झिजली आहे" असं आलं की ते वाकायचं सोडतात, शेतात जायचं सोडतात, आणि घरातली पोरं मणका म्हणजे काचेचा असं शिकतात. वास्तविक पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे फोटो काढून बघितले तर विशीतल्या सुमारे ३७ टक्के जणांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्के जणांत चकत्यांची झीज दिसते. केस पिकतात तशीच मणक्यातही वयाची खूण उमटते. हे एक वाक्य कुणी आजोबांना मराठीत सांगितलं, तर त्यांचं किती चालणं वाचेल.

आता आपल्या घरातल्या एका शब्दाकडं येते. लहान मूल पडलं, खरचटलं, की ते म्हणतं, "बाऊ झाला." ही त्याची दुखण्याची पहिली ओळख. तेच मूल आठ-दहा वर्षांचं झालं की आपण त्याला म्हणतो, "उगाच बाऊ करू नको." शब्द एकच. आधी त्याचा अर्थ जखम, मग त्याचा अर्थ कांगावा. मुलाच्या बाजूनं विचार करून बघा. ज्या शब्दावर आई धावत यायची, त्याच शब्दानं आता त्याच्यावर खोटेपणाचा आरोप होतो. मधल्या काळात त्याचं दुखणं काही बदललेलं नसतं.

आपण मुलांशी दुखण्याबद्दल सारखं खोटं बोलतो. जेवत नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील, अशी धमकी देतो. आणि त्याच डॉक्टरांच्या दारात म्हणतो, काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल. ज्या सुईचा धाक घातला तिच्याविषयीच "काही होत नाही" म्हटल्यावर मुलानं कशावर विश्वास ठेवावा? टोचताना आईबाप सारखं "काही नाही, काही नाही" म्हणत राहिले तर मूल शांत होण्याऐवजी जास्त बावरतं, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. शब्द धीराचे असले तरी आवाजातली काळजी त्याला ऐकू येते. खरं सांगावं: टोचेल, थोडं दुखेल, दहा आकडे म्हणेपर्यंत ओसरेल, माझा हात धर.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली लसीकरणातलं दुखणं कमी करण्याविषयी भूमिका जाहीर केली. त्यातल्या सूचनांना एक पैसाही लागत नाही. बाळाला पाटावर आडवं दाबून धरू नका, आईच्या मांडीवर उभट बसवा. अंगावर पिणारं बाळ असेल तर टोचताना किंवा त्याच्या जरा आधी पाजा. एकाच वेळी अनेक लसी असतील तर जास्त दुखणारी शेवटी द्या. सुई आत गेल्यावर दट्ट्या मागं ओढून बघायची गरज नाही, त्यानं उगाच वेळ आणि वेदना वाढते. आमच्या गावच्या अंगणवाडीत लसीच्या दिवशी मी गेले आहे. आशाताई जीव तोडून काम करतात, पण बाळाचे हातपाय तिघीजणी दाबून धरतात आणि आईला म्हणतात, तू तिकडं तोंड कर. नेमकी आईच बाजूला होते. हे बदलायला सरकारी आदेशाची वाट कशाला बघायची?

आपल्या परंपरेत सगळं चुकीचंच आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पडलेल्या पोराला आज्जी म्हणते, "ऊठ ऊठ, मुंगी मेली बघ!" आणि पोर रडणं विसरून मुंगी शोधायला लागतं. लक्ष दुसरीकडं वळलं की दुखणं खरोखर कमी होतं. फुंकर घालणं, चोळणं, ऊन ऊन कापडानं शेकणं, हे तर मज्जारज्जूतल्या फाटकाचंच काम. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला लाथ मारून घ्यायची रीत आमच्याकडं अजून आहे, आणि लोक बरं वाटलं म्हणून सांगतात. बरेच जण खरंच सांगत असतील. उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप ओसरते, आणि आता बरं वाटणार ही खात्रीसुद्धा मेंदूला दुखणं आवरतं घ्यायला लावते. पण बिब्बा लावून कातडी भाजून घेणं किंवा लेकराच्या पोटावर डाग देणं हे मी सहन करणार नाही. फुंकर मुलाला सांगते, तू सुखरूप आहेस. डाग त्याच्या अगदी उलट सांगतो.

लहान जीव बोलत नाही म्हणून त्याला दुखत नाही, या समजाची किंमत शिकल्या-सवरल्या लोकांनीही मोजायला लावली आहे. १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या मोठमोठ्या रुग्णालयांत नवजात बाळांवर पुरेशी भूल न देता, फक्त स्नायू ढिले करणारं औषध देऊन शस्त्रक्रिया होत असत. त्यांच्या नसा पुऱ्या पिकलेल्या नाहीत, त्यांना दुखणं कळत नाही, असं मानलं जाई. इंदूरला वैद्यकीचं शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिलं की चांगली भूल मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावरचा ताण आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंती कमी असतात. हे १९८७ साली छापून आलं. फार जुनी गोष्ट नाही, तेव्हा मी शाळेत जात होते.

माझ्या स्वतःच्या वर्गातला एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सातवीतला एक मुलगा आठवड्यातून दोनदा तरी बेंबीशी हात धरून बसायचा. घरी आज्जी म्हणाली, बेंबी सरकली. पोट चोळून झालं, दोरा बांधून झाला. मग बेळगावला नेऊन सोनोग्राफी, रक्त, लघवी सगळं तपासलं. सगळं नॉर्मल. वडील शाळेत आले आणि कागद माझ्यापुढं टाकून म्हणाले, "बघा टीचर, काय सुदीक न्हाई. नाटकं करायलंय." मी मान डोलावली. त्या दिवसानंतर त्या मुलानं पोट दुखतंय म्हणून सांगायचं बंद केलं. दुखायचं थांबलं नव्हतं. डबा तसाच परत जायचा, खेळाच्या तासाला तो भिंतीला टेकून बसायचा.

मला तेव्हा माहीत असायला हवं होतं ते हे. १९५८ साली इंग्लंडमध्ये एक हजार शाळकरी मुलांची पाहणी झाली होती. दहातल्या एका मुलाला असं वारंवार पोट दुखत होतं, आणि त्यातल्या बहुतेकांत अवयवात काही दोष सापडला नाही. त्यांचं दुखणं खोटं नसतं. आतड्याला स्वतःचं कोट्यवधी मज्जापेशींचं जाळं आहे आणि त्याचं मेंदूशी दोन्ही बाजूंनी बोलणं चालू असतं. एखाद्या तापानंतर, जुलाबानंतर, किंवा नुसत्या जागरण-काळजीनं ते जाळं हळवं होतं. मग नेहमीचं पचनसुद्धा कळ म्हणून जाणवतं. क्लिफर्ड वुल्फ या संशोधकानं १९८३ साली दाखवलं की मज्जारज्जूतल्या पेशी अशा हळव्या होऊन बसू शकतात, मूळ कारण गेल्यावरही. एकदा घरात चोर शिरला की पुढं महिनाभर मांजराच्या पावलानंही जाग येते, तसंच काहीसं. "रिपोर्ट नॉर्मल" याचा अर्थ घाबरण्यासारखं कारण सापडलं नाही, एवढाच. त्याचा अर्थ मूल खोटं बोलतंय असा काढणं ही आपली चूक. ती मी केली. नंतर त्या मुलाशी नीट बोलले, तेव्हा त्यानं पहिल्यांदा सांगितलं, "टीचर, आत कोणतर दोरी पिळायलंय असं वाटतंय." त्याला समजावलं की तुझं पोट धडधाकट आहे, त्याची राखण करणारं कुत्रं जरा जास्त भुंकतंय. जेवण-झोपेची वेळ, सावकाश श्वास, दुखत असतानाही थोडं खेळणं, शाळा न बुडवणं, असं हळूहळू चाललं. पुरतं गेलं असं म्हणणार नाही. पण डबा रिकामा जायला लागला.

इथं एक खरा धोका आहे. "दुखणं मेंदू तयार करतो" असं म्हटलं की ऐकणारा "म्हणजे मनाचे खेळ" असं ऐकतो, आणि पुन्हा "नाटक"वर येतो. म्हणून सांगताना जपावं लागतं. सगळीच दुखणी मेंदू तयार करतो, मोडलेल्या हाडाचंसुद्धा. मेंदू हा शरीराचाच भाग आहे, मूल त्याला हुकूम सोडू शकत नाही. मी वर्गात "मन" हा शब्द या धड्यात टाळते आणि "मेंदू", "नस", "वर्दी" एवढेच वापरते.

दुसरा आक्षेप आमच्या एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीच्या, बैठकीत आला. दुखण्याचं एवढं कौतुक केलं तर पोरं नाजूक होतील, आम्ही कुठं शिकलो होतो हे? बोलणारे गृहस्थ जुने पैलवान. मी त्यांनाच विचारलं, तालमीत पहिल्या आठवड्यात अंग मोडून यायचं तेव्हा वस्ताद काय म्हणायचे? ते म्हणाले, "दुखतंय ते मुरायलंय, मेहनत सोडू नको. पण खांद्यात कळ मारली तर गप थांब." हाच तर पाठ. नव्या पोराला वस्ताद पहिल्याच आठवड्यात सांगतो की कुठलं दुखणं सोसायचं आणि कुठलं ऐकायचं, आणि ते पोर नाजूक होत नाही. भीती हे दुखणं वाढवणारं सगळ्यात मोठं खत आहे, आणि कळण्यानं भीती कमी होते. मुलींच्या बाबतीत तर आपण काहीच सांगत नाही. पाळीत पोट का दुखतं? गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांनी ते आवळतं. गरम पाण्याच्या पिशवीनं शेकावं, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी दुखणं शिगेला जाण्याआधी घ्यावी, आणि दर महिन्याला शाळा बुडण्याइतकं दुखत असेल तर तपासून घ्यावं. याऐवजी तिला सांगितलं जातं, बाईच्या जातीला सोसावंच लागतं.

ऐकायची दुखणी कुठली, हेही त्याच धड्यात आलं पाहिजे, नाहीतर धडा अर्धवट आणि धोक्याचा. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडं खाली सरकणारी आणि वाढत जाणारी कळ, सोबत ताप-उलटी. झोपेतून उठवणारं दुखणं. वजन घटणं, शौचातून रक्त, सुजलेला सांधा, सकाळी उलटीसह येणारी डोकेदुखी. आणि एक गोष्ट मुलग्यांना स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवी: अंडाशी अचानक जोराची कळ आली तर लाजून "पोट दुखतंय" म्हणू नका. पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तरच ते वाचण्याची शक्यता चांगली असते. खानापूरच्या जंगलातल्या वाडीतून बेळगाव गाठायलाच पावसात दोन-तीन तास जातात. लाजण्यात घालवायला वेळ उरत नाही.

दुखणंच नसतं तर बरं, असं मुलांना वाटतं. त्यांना मी कुष्ठरोगाबद्दल सांगते. वेल्लोरला १९४६ पासून काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवलं की रुग्णांची बोटं रोग खात नाही. नसा बधिर झाल्यामुळं चटका, काटा, बुटाचा चावा काहीच कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटं जातात. हे ऐकल्यावर वर्ग गप्प होतो.

मागणी फार मोठी नाही. पुढं दहावीत "नियंत्रण आणि समन्वय" या धड्यात प्रतिक्षिप्त क्रिया आहे: गरम भांड्याला हात लागला, हात मागं आला. तिथंच थांबण्याऐवजी पाचवी ते सातवीत चार तास दुखण्याला द्या, मुलाच्या शाळेच्या माध्यमात. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं हे राज्यघटनेच्या ३५० अ कलमातच आहे, मी नवं काही मागत नाही. आणि प्रत्येक पीएचसीत, तालुक्याच्या दवाखान्यात टेबलाच्या काचेखाली एक कागद असू द्या. वर हसऱ्यापासून रडव्यापर्यंत सहा चेहरे, लहान पोरानं बोट ठेवायला. खाली दुखण्याचे मराठी शब्द आणि त्यांच्यासमोर कन्नड. यात कुठल्याही भाषेचा पराभव नाही. खेड्यातल्या कन्नडमध्ये दुखण्याला "ब्यानी" म्हणतात, पुस्तकी रूप "बेने", आणि ते "वेदने"वरूनच आलं आहे. आमच्या बाळंतिणीच्या "वेणा"ही तिथूनच आल्या.

तो कागद आमच्या वर्गानं स्वतःच सुरू केला आहे. मुलांनी घरोघरी आज्ज्यांना विचारून शब्द आणले, कन्नडचे सर समोरचा रकाना भरतात. आगीसमोर "उरि" आलं. मुंग्यांसमोर "जोमु". ओढीसमोर "सेळेत". टोचण्यासमोर "चुच्चु". रांगेतल्या त्या मुलीनं आज्जीकडून "हुळहुळणं" आणलं, त्यावर सर दोन दिवस अडले आहेत. परवा म्हणाले, रामदुर्गला आईला फोन करून विचारतो.